बॉम्ब त्यांचे, भाडं आपलं

अमेरिकेने कुठे बॉम्ब टाकले की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, बघा याला म्हणतात देश, बोलला आणि करून दाखवलं, नाहीतर आपण, नुसते निषेधाचे कागद पाठवतोय. दुसरी म्हणते साम्राज्यवादी, सगळं तेलासाठी, हे लोक कुणाचे नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या बी-टू बॉम्बर विमानांनी इराणच्या फोर्दो आणि नतान्झ या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले तेव्हा नेरूळला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर हेच चाललं होतं, मध्येच एकाने पाण्याचा टँकर किती वाजता येणार ते विचारलं तर त्याला कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. मला दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय, कारण दोघांचं सगळं लक्ष बॉम्ब कुठे पडला याच्यावर, बिल कुणाच्या नावावर फाटलं ते कुणीच बघत नाही.

बलाढ्य देश दुसऱ्यांवर फौजा घालतात यात नवीन काही नाही, रोमन काळापासून चालू आहे ते. पण गेल्या पन्नासेक वर्षांत एक गोष्ट बदलली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात डेंजर आहे, ती म्हणजे लष्कर वापरणं हे वापरणाऱ्यासाठी फार स्वस्त झालंय. पैशाने नाही म्हणत मी, पैसा तर वारेमाप जातोय. राजकारणात स्वस्त. निर्णय घेणाऱ्याला मत गमवावं लागत नाही, त्याच्या मतदाराचा पोरगा घरून उचलून नेत नाहीत, त्याच्या पगारातून युद्धाच्या नावाने काही कापलं जात नाही. आणि असं झालं की मग लष्कर हा शेवटचा उपाय राहत नाही, ते सोमवारी सकाळी सुचलेलं पहिलं उत्तर होतं.

आता मी हे एवढ्या तावातावाने का बोलतोय तर मी न्हावा शेवा बंदराच्या लायनीत आहे. जहाजावर नाही, ऑफिसात, बेलापूरला, बुकिंग, शिपिंग बिल, बीएल म्हणजे जहाजावर चढलेल्या मालाची पावती, आणि एक्स्पोर्टरच्या शिव्या. आमच्याकडे अमेरिकेचं परराष्ट्र धोरण टीव्हीच्या डिबेटमधून येत नाही, शिपिंग लाइनच्या मेलमधून येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज हेलिकॉप्टर उतरवून पळवलं, डिसेंबरपर्यंत बहुतेक मोठ्या लाइन्सनी सुएझचा रस्ता सोडला आणि जहाजं पूर्ण आफ्रिकेला वळसा मारून केप ऑफ गुड होपवरून जायला लागली. नेमका आमचा द्राक्षाचा सीझन तोंडावर. रीफर म्हणजे फ्रिजवाल्या कंटेनरमध्ये नाशिकचा माल भरला, प्लग लावला, टेम्परेचर सेट केलं तरी द्राक्ष काय झोपून राहत नाही, त्याचं वय वाढतच असतं, आणि रॉटरडॅमला दहा ते पंधरा दिवस उशिरा पोचलं म्हणजे देठ काळे पडलेले, मणी गळलेले, की तिकडचा खरेदीदार पेटी उघडून फोटो पाठवतो आणि क्लेम लावतो. वर भाडं कित्येक रूटवर दुपटीच्या पुढे, वर वॉर रिस्क सरचार्ज, वर अजून एक सरचार्ज ज्याचं नाव मला पण नीट कळलं नव्हतं. एका पिंपळगावच्या एक्स्पोर्टरने फोनवर विचारलं की अहो साहेब, भांडण येमेनात आणि सरचार्ज माझ्या द्राक्षाला कसा काय. मी म्हटलं लाइनची पॉलिसी आहे. दुसरं काय सांगणार.

मग १२ जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हल्ले सुरू केले. आमच्याकडे सगळे खूश. जगातलं सगळ्यात तगडं नौदल एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एकातली बंडखोरांची फौज, महिन्याभरात सुएझ चालू होणार असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता. त्याच जानेवारीत मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरवर मिसाईल बसलं, त्यावर २२ भारतीय खलाशी होते, आग विझवायला आपली आयएनएस विशाखापट्टणम गेली. नवी मुंबईत मर्चंट नेव्हीवाली घरं किती आहेत ते सीवूड्स-खारघरच्या माणसाला सांगायला नको, त्या घरांतल्या बायकांना त्या आठवड्यात अमेरिकेची ताकद बघून सेफ वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

वर्ष गेलं, सुएझ काही चालू झालं नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परत मोठी मोहीम काढली. हीच ती मोहीम जिचं प्लॅनिंग सिग्नल ॲपच्या ग्रुपवर चाललं होतं आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाच्या संपादकालाच ॲड केलं होतं. हल्ला झाल्यावर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने ग्रुपवर काय टाकलं, तर मूठ, झेंडा आणि आग, तीन इमोजी. लोक हसले यावर, मीही हसलो, पण थोडं थांबून बघा की एका देशावर बॉम्ब टाकायचा निर्णय आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मॅच जिंकल्यावर जसं चालतं त्याच मूडमध्ये चाललाय. सात-साडेसात आठवडे बॉम्बफेक झाली. ट्रुमन या विमानवाहू जहाजावरची कोट्यवधी डॉलरची लढाऊ विमानं समुद्रात गेली, त्यातलं एक तर डेकवर ओढून नेताना घसरून पडलं. सादा शहरात आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांना डांबून ठेवलं होतं त्या जागेवर बॉम्ब पडला, हूतींनी सांगितलेला आकडा ६८ मृतांचा. आणि ६ मेला काय झालं, तर ओमानने मध्यस्थी केली आणि समझोता झाला की तुम्ही आमच्या जहाजांना हात लावू नका, आम्ही बॉम्ब टाकणार नाही. आमच्या म्हणजे अमेरिकेच्या. बाकी जगाने आपापलं बघावं. जुलैमध्ये हूतींनी मॅजिक सीज आणि एटर्निटी सी अशी दोन जहाजं चक्क बुडवली. म्हणजे ज्याने मारामारी केली तो सुटला, आणि आमचे रीफर केपवरूनच.

यावर पहिली पार्टी म्हणणार की पुरेसं मारलं नाही म्हणून असं झालं, अजून जोरात मारायला पाहिजे होतं. ठीक आहे, जोरात मारून बघितलेलं उदाहरण घेऊ.

व्हिएतनाम युद्धात शेजारच्या लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, सरासरी काढली तर नऊ वर्षं दिवसरात्र दर आठ मिनिटांनी एक विमानभर, आणि हे आपल्याच लोकांपासून लपवून. तरी एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलं. लाओसच्या शेतांत न फुटलेले बॉम्ब आजही निघतात. पण त्या युद्धात निदान एक गोष्ट होती, अमेरिकेतल्या घराघरात ते पोचलं होतं. सक्तीची भरती होती, पोरांना पत्रं यायची, ५८ हजारांवर अमेरिकन मेले, १९६८ मध्ये जॉन्सनला इन्कम टॅक्सवर १० टक्के अधिभार लावावा लागला. आणि म्हणूनच लोक रस्त्यावर आले. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली, सैन्य पगारी झालं, ते चांगलंच झालं म्हणा एका अर्थाने, पण त्याबरोबर मतदाराचं आणि युद्धाचं नातंही तुटलं. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला मार्चमध्ये आणि मे महिन्यात बुश साहेबांनी सही कशावर केली, तर टॅक्स कमी करायच्या कायद्यावर. एका हाताने युद्ध आणि दुसऱ्या हाताने सवलत. पैसा उधारीचा. अशा युद्धाला विरोध करायला घरातून उठून कोण जाणार?

कायद्याचंही तसंच होत गेलं. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही. काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं कधी, १९४२ साली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान यातलं एकही जाहीर युद्ध नाही. व्हिएतनामचा चटका बसल्यावर १९७३ मध्ये कायदा केला की राष्ट्राध्यक्षाने फौज वापरली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत आवरतं घ्यायचं. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू असताना हे ६० दिवस उलटले तर ओबामा सरकारने, हो ओबामाच, शांततेचं नोबेलवाले, असा युक्तिवाद केला की आमचं सैन्य जमिनीवर नाही, आमच्या माणसांना धोका जवळजवळ नाही, मग ही मर्यादा आम्हाला लागूच होत नाही. म्हणजे बघा, खाली माणसं मरतायत की नाही हा प्रश्नच नाही, वरचा पायलट सुरक्षित आहे ना, मग ते मोजायचं नाही. वरच्या मजल्यावरच्याने बाथरूम फोडलं, गळती खालच्या घरात, आणि हा म्हणतो माझी फरशी तर कोरडी आहे.

११ सप्टेंबरनंतर तीनच दिवसांत, १४ सप्टेंबर २००१ ला फौज वापरायची जी परवानगी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाला दिली तिच्याविरोधात दोन्ही सभागृहं मिळून एकच मत पडलं, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. बाईंना जीवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हा कोरा चेक आहे. पुढच्या वीस वर्षांत त्याच कागदावर अफगाणिस्तान तर झालंच, येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत कारवाया झाल्या. मला त्या मताबद्दल कायम आश्चर्य वाटतं, कारण तेव्हा आपण इकडे ठाण्यात-वाशीत बसूनसुद्धा टीव्हीवर टॉवर कोसळताना बघून खवळलो होतो, तिकडे सभागृहात बसून बटण दाबायचं म्हणजे काय छाती पाहिजे.

इराकबद्दल सगळ्यांना माहीत आहे की महाविनाशक शस्त्रं सापडलीच नाहीत, त्यामुळे ते उगाळत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. युद्धाआधी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा अंदाज होता सहा दिवस, सहा आठवडे, सहा महिने तर नाहीच. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी सिनेटपुढे सांगितलं की नंतर देश सांभाळायला काही लाख सैनिक लागतील, तर त्यांना वरून गप्प केलं. बगदाद तीन आठवड्यांत पडलं, म्हणजे रम्सफेल्ड बरोबर होते ना? आणि मग मे २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांनी एका सहीत अख्खं इराकी सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं, हातात बंदूक चालवायचं ट्रेनिंग, घरात पगार नाही, आणि बाहेर परक्यांचे रणगाडे. यातून काय होणार हे सांगायला थिंक टँक कशाला लागतो? २०१४ मध्ये आयसिसने मोसुल घेतलं तेव्हा त्यांच्या कमांडरांमध्ये सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी होते. पहिले तीन आठवडे लष्कराने जिंकले आणि पुढची अकरा वर्षं त्याच विजयाने खाल्ली. अफगाणिस्तानात तर वीस वर्षं, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला आपण इकडे झेंडावंदन करून घरी येऊन टीव्ही लावला तर तालिबान काबूलमध्ये.

आता कुणी म्हणेल की मग काय, हात बांधून बसायचं का. नाही. मी गांधीवादी वगैरे नाही. १९९४ मध्ये रवांडात साधारण शंभर दिवसांत आठेक लाख माणसं कापली गेली आणि ज्यांच्याकडे ताकद होती ते सगळे बघत बसले, तेव्हा फौज पाठवायला पाहिजे होती असंच मी म्हणेन. आणि १९९१ चं कुवेत घ्या. सद्दामने शेजारचा देश गिळला होता, सुरक्षा परिषदेचा ठराव होता, अरब देशसुद्धा बरोबर होते, उद्देश एकच की कुवेत सोडवायचं, आणि जमिनीवरची लढाई शंभर तासांत थांबवली, थोरले बुश बगदादला गेले नाहीत. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. बारा वर्षांनी मुलगा गेला बगदादला. (हे वाक्य लिहिताना मला स्वतःला जरा जास्तच फिल्मी वाटतंय पण आहे ते असं आहे.) अर्थात त्या चांगल्या युद्धाचं बिलही आपल्याकडे आलंच, तेल भडकलं, कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणावे लागले, आखातातून येणारे पैसे आटले, आधीच तोळामासा असलेली आपली परकीय गंगाजळी तळाला गेली आणि सोनं गहाण टाकायची वेळ आली. पण निदान ते कशासाठी हे जगाला सांगता येत होतं.

इराणचं तसं नाही सांगता येत. २०१५ चा अणुकरार होता, त्यात इराणने युरेनियम ३.६७ टक्क्यांच्या वर शुद्ध करायचं नाही असं मान्य केलं होतं, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे लोक जाऊन सील बघत होते, कॅमेरे लावलेले होते. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी करार सोडला. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर गेला. मग २०२५ मध्ये बॉम्ब, आणि बॉम्बनंतर इराणने त्या संस्थेशी सहकार्यच थांबवलं. कॅमेरा लावणारा माणूस टीव्हीवर दिसत नाही हो, बी-टू दिसतं. आणि बाकीचे देश यातून काय शिकतात? गडाफीने डिसेंबर २००३ मध्ये आपला अणुकार्यक्रम सोडला, २०११ मध्ये त्याचा खेळ खल्लास. उत्तर कोरियाने २००६ मध्ये अणुस्फोट केला, त्याच्याशी शिखर परिषदा झाल्या. मी तेहरानमध्ये राहत असतो तर मलाही बॉम्ब हवासा वाटला असता. त्या जूनमध्ये वाशीला मसाला मार्केटात गेलो होतो तर पिस्ता आणि मामरा बदामाचा व्यापारी भाव द्यायलाच तयार नाही, म्हणे उद्या या, उद्याचं उद्या बघू. त्याचं गणित बरोबर होतं, माल इराणचा.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये हेच केलं, काही दिवसांत आटपेल म्हणून घुसले, त्यामुळे हा काही अमेरिकेचा खास रोग नाही. ज्याच्याकडे मोठा हातोडा आहे आणि विचारणारं कुणी नाही त्या प्रत्येकाला होतो.

आणि म्हणूनच पहिल्या पार्टीचं ते "आपण पण असं करायला पाहिजे" मला खटकतं. आपण केलंय की. १९७१ मध्ये केलं आणि कसं केलं बघा, एक कोटीच्या आसपास निर्वासित आले तरी एप्रिलमध्ये घाईने उडी मारली नाही, ऑगस्टमध्ये रशियाशी करार केला, इंदिराबाई पाश्चात्त्य राजधान्या फिरून आल्या, आणि पाकिटावर निर्वासितांसाठी ५ पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, म्हणजे गावातल्या आजीला पत्र टाकलं तरी माहीत होतं की देशावर खर्च पडलाय. डिसेंबरमध्ये अमेरिकेने आपल्याला घाबरवायला एंटरप्राइज जहाज बंगालच्या उपसागरात पाठवलं, ढाक्याचा निकाल काही बदलला नाही त्याने. आणि मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून परत. याच्या उलट १९८७ ला श्रीलंकेत गेलो ते शांतिसेना म्हणून, लिट्टेवाले तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवतील या भरवशावर, कधी परत यायचं ते ठरलेलं नाही, आणि १९९० मध्ये परत आलो तेव्हा १,२०० च्या आसपास जवान गमावलेले. ज्यांना वाचवायला गेलो ते तमिळही आपल्यावर चिडलेले आणि सिंहलीही. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपलं सैन्य मागितलं होतं, दिल्लीत बऱ्याच जणांना जावंसं वाटत होतं, एप्रिलमध्ये संसदेने हल्ल्याविरुद्ध ठराव केलेला होता, आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नाही सांगितलं. त्या एका नकाराने किती घरं वाचली त्याचा कुणी सत्कार करत नाही.

आपल्या राज्यघटनेत तर युद्धाआधी संसदेची मंजुरी घ्या अशी स्पष्ट अटही नाही, म्हणजे आपला कोरा चेक अमेरिकेपेक्षा मोठा. तरी नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनचं सैन्य आत असताना नेहरूंनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलावलं, तरुण वाजपेयींनी त्याची मागणी केली होती, आणि नेहरूंना तिथे बसून ऐकून घ्यावं लागलं. मे २०२५ चं ऑपरेशन सिंदूर चार दिवसांत थांबलं, मला त्या थांबण्याबद्दल तक्रार नाही, सर्वपक्षीय बैठकही झाली, पण संसदेत चर्चा व्हायला जुलैचा शेवट उजाडला. असं म्हटलं की लगेच उत्तर येतं की ऑपरेशन आधी जाहीर करायचं का, शत्रूला सांगून मारायचं का. अहो, आधी कोण म्हणतंय? अमेरिकेचा तो १९७३ चा कायदासुद्धा हल्ल्यानंतर ४८ तासांत कळवा एवढंच म्हणतो. आपण आठ दिवस देऊ. पण आठ दिवसांनी सभागृहात उभं राहून कशासाठी गेलो, कुठे थांबणार आणि पैसे कुठून येणार ही तीन उत्तरं द्यायची, गुप्त असेल तेवढं बंद दाराआड द्या, नोंद मात्र राहिली पाहिजे. असा कायदा आणा असं म्हणणारा एकही पक्ष मला अजून दिसलेला नाही, विरोधी बाकांवर असतानाही नाही.